ड्रंक अँड ड्राइव्हची जुनी केस आणि परदेशाचा व्हिसा: फाइल कशी लावायची

नाशिकच्या सिडकोतून आलेलं एक जोडपं. मुलगी कॅनडात ब्रॅम्प्टनला, सहावा महिना चालू, दोघांना व्हिजिटर व्हिसा हवा. पासपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट, पेन्शनची कागदं, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावलेलं. फॉर्म भरत भरत मी गुन्ह्याच्या प्रश्नापाशी आलो, तसे काका काकूंना म्हणाले, "अगं, खाली जाऊन दोन चहा सांगून ये ना." काकू जिना उतरल्या आणि काकांनी खुर्ची पुढे ओढली. "३१ डिसेंबर २०१७. गंगापूर रोडची नाकाबंदी. कोर्टात दोन हजार भरले. घरी कुणाला माहीत नाही. हे लिहावं लागतं का?"

लागतं. आणि लिहिलं की व्हिसा गेलाच, असंही नाही. मी वकील नाही, व्हिसाच्या फायली लावतो. अशा फायली आमच्याकडे अधूनमधून येतातच. वायनरी, ढाबे आणि थर्टी फर्स्टची नाकाबंदी असलेल्या गावात त्या न येतील तरच नवल. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यासाठी काय, कुठल्या क्रमाने करायचं ते सांगतो.

पहिलं काम: केस कुठे आहे आणि संपली आहे का

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. दारू पिऊन गाडी चालवण्याची केस या कलमाखाली होते. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की कलम लागतं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आधी दंड २ हजारांपर्यंत होता, १ सप्टेंबर २०१९ पासून तो १० हजार झाला. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हा दंड चौकात पावती फाडून किंवा मोबाइलवर ई-चलन भरून मिटत नाही. कोर्टातच जावं लागतं. हेल्मेट, सिग्नल, सीटबेल्टची चलनं हा वेगळा प्रकार. पुष्कळ लोक दोन्हींची सरमिसळ करतात आणि एकतर उगाच घाबरतात, नाहीतर उगाच निर्धास्त राहतात.

कोर्ट कुठलं, हे पकडलं कुठे त्यावर ठरतं. शहरातली केस असेल तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं न्यायालय किंवा नाशिकरोड. वायनरीवरून परत येताना दिंडोरीच्या हद्दीत सापडलात तर दिंडोरी, घाटाच्या बाजूला असाल तर इगतपुरी, निफाडकडे असाल तर निफाड. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधता येतं. सीएनआर म्हणजे केसचा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक सापडला तर सगळ्यात सोपं. नाव मात्र तीन-चार प्रकारे टाकून बघा. पोलिसांनी आडनावातला एक ऱ्हस्व-दीर्घ बदलला तरी केस सापडत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात माणसं खरंच पडतात. गाडी सोडवताना कुणा मध्यस्थाला पैसे दिलेले असतात, "तुम्ही येऊ नका, मी बघतो" असं तो सांगतो, आणि सहा वर्षांनी कळतं की केस अजून उभी आहे, समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन परत आलंय. माझा सख्खा मावसभाऊ असाच अडकला होता. केस प्रलंबित असेल तर आधी पासपोर्टच अडतो. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी कोर्टात खटला चालू असणाऱ्याला पासपोर्ट नाकारता येतो. २५ ऑगस्ट १९९३ ची जीएसआर ५७० ही अधिसूचना आहे, तिच्या आधारे कोर्टाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळू शकतो. पण एवढ्या साध्या केससाठी तो द्राविडी प्राणायाम कशाला? वकील लावा, तारखेला स्वतः उभे राहा, केस निकाली काढा आणि मगच व्हिसाकडे वळा.

निकाल लागून नुसता दंड झाला असेल तर पासपोर्टला सहसा अडचण येत नाही. कायद्यातली शिक्षेची अट आहे ती मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त कैद झाल्याची. फॉर्ममधला प्रश्न मात्र शब्द न् शब्द वाचून उत्तर द्या. खोटं उत्तर हा त्याच कायद्याखाली वेगळा गुन्हा होतो.

दुसरं काम: नक्कल काढणं

नक्कल म्हणजे कोर्टाने शिक्का मारून दिलेली कागदाची प्रमाणित प्रत. सगळ्या फाइलीचा जीव या कागदात आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, केस नंबर आणि निकालाची तारीख लिहायची. मागताना नुसती "निकालाची नक्कल" मागू नका. निकाल, रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद), दोषारोपपत्र, ब्रेथ ॲनालायझरची स्लिप, सिव्हिल हॉस्पिटलला नेलं असेल तर तिथलं वैद्यकीय प्रमाणपत्र, आणि दंड भरल्याची पावती, इतकं सगळं मागा. या केसेस बहुतेक वेळा "गुन्हा कबूल" म्हणून पाच मिनिटांत उरकलेल्या असतात, त्यामुळे निकाल कधी कधी अर्ध्या पानाचा निघतो. त्या अर्ध्या पानावर तुमचं रीडिंग, म्हणजे चाचणीत निघालेला अल्कोहोलचा आकडा, नसतो. आणि रीडिंग हवंच हवं. का, ते कॅनडाच्या भागात सांगतो.

किरकोळ केसेसची जुनी कागदपत्रं मुदत संपल्यावर नष्ट करतात. तुमची तशी गेली असतील तर हात हलवत परत येऊ नका, तसा लेखी शेरा मागून घ्या. व्हिसा अधिकाऱ्याला "कागद मिळत नाहीत" हे तुमच्या तोंडून नको असतं, कोर्टाच्या शिक्क्यानिशी हवं असतं.

काकांची नक्कल बारा-तेरा दिवसांनी मिळाली. घेऊन आले तेव्हा काकू बरोबर होत्याच. काकांनी कागद माझ्याकडे सरकवला, काकूंकडे न बघता. काकू म्हणाल्या, "मला त्याच आठवड्यात कळलं होतं. गाडी दोन दिवस गॅरेजला होती म्हणालात, आणि गॅरेजवाला भाजी बाजारात भेटला." नंतर बराच वेळ ऑफिसात कुणी काही बोललं नाही.

स्लिपवर रीडिंग होतं ५२.

नक्कल हातात आली की दोन वाक्यं डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिलं, "कोर्ट उठेपर्यंत साधी कैद". आपल्याकडे ही शिक्षा म्हणजे संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसून राहणं, पण कागदावर ती कैदच आहे. अशी शिक्षा असेल तर लपवू नका, प्रत्यक्षात काय झालं ते पत्रात एका ओळीत लिहा. दुसरं, "दंड न भरल्यास अमुक दिवस साधी कैद". याचा अर्थ तुम्ही तुरुंगात गेलात असा नाही, दंड भरला की ती अट संपली. पण इंग्रजी भाषांतर करणाऱ्याने घाईत "सात दिवसांची कैद" असं उतरवलं तर परदेशात बसलेला अधिकारी काय समजेल? हे घडलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या माणसाची भाषांतराची पावती जेमतेम चारशे रुपयांची होती. दंडाची पावती त्या पानालाच जोडा.

भाषांतर घरातल्या इंग्रजी माध्यमवाल्या पोराकडून करून घेऊ नका. कॅनडाला अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही. अधिकृत भाषांतरकार नसेल तर भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. मराठी मूळ नक्कल आणि भाषांतर, दोन्ही एकत्र द्यायचं.

तिसरं काम: तारखा एका कागदावर

गुन्ह्याची तारीख, निकालाची तारीख, शिक्षा पूर्ण झाल्याची तारीख. तीन वेगळ्या. दंड निकालानंतर महिन्याने भरला असेल तर शिक्षा भरल्या दिवशी पूर्ण झाली. लायसन्स सहा महिन्यांसाठी रद्द केलं असेल तर ती मुदत संपली तो दिवस धरावा लागू शकतो. प्रत्येक देश यातली वेगळी तारीख धरून मोजतो, म्हणून तिन्ही लिहून ठेवा. काकांचा गुन्हा ३१ डिसेंबर २०१७ चा, निकाल आणि दंड जानेवारी २०१८ चा.

कॅनडा: सगळ्यात कडक

कॅनडा आपल्याकडची शिक्षा बघत नाही. तो विचारतो, हेच कृत्य कॅनडात केलं असतं तर तिथे कुठला गुन्हा झाला असता आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा आहे? तुम्हाला नाशिकला दोन हजार दंड झाला, हा मुद्दा तिथे दुय्यम.

१८ डिसेंबर २०१८ ही तारीख पाठ करा. त्या दिवसापासून कॅनडात दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली, आणि त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात हा "गंभीर गुन्हा" ठरला. त्या तारखेच्या आधीचा एकच गुन्हा असेल तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांनी माणूस आपोआप सुधारलेला मानला जातो, वेगळा अर्ज लागत नाही. त्या तारखेनंतरचा गुन्हा असेल तर ही आपोआप सवलत नाही, कितीही वर्षं जाऊ देत.

मग मार्ग दोन. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली असतील तर क्रिमिनल रिहॅबिलिटेशनचा अर्ज. तो मंजूर झाला की कॅनडापुरता तो डाग कायमचा धुतला जातो. वेळ बराच लागतो, आणि गंभीर गुन्ह्याच्या वर्गात फी साध्या वर्गाच्या जवळपास पाचपट असते. पाच वर्षं झाली नसतील, किंवा जाणं अगदी तातडीचं असेल, तर टेम्पररी रेसिडेंट परमिट, म्हणजे तात्पुरता प्रवेश परवाना. त्यासाठी जाण्याचं कारण किती सबळ आहे ते पटवावं लागतं. मुलीचं बाळंतपण हे कारण आहे. "फिरायला जायचंय" हे फारच लंगडं कारण.

आता रीडिंगची गोष्ट. भारतात मर्यादा ३० मिलिग्रॅम, कॅनडात ८०. म्हणजे ५२ रीडिंगवर भारतात गुन्हा होतो, पण कॅनडाच्या आकड्याच्या कलमात तो बसत नाही. तुमचा गुन्हा तिथल्या गुन्ह्याच्या तोडीचाच नाही, असं मांडायला इथे जागा मिळते. पण लगेच हुरळून जाऊ नका. कॅनडात आकड्याशिवाय दुसरंही एक कलम आहे: दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता थोडी जरी कमी झाली तरी गुन्हा. म्हणून सिव्हिलच्या प्रमाणपत्रावर "चालताना झोक जातो, बोलणं अडखळतं, डोळे लाल" असं लिहिलंय का ते बघा. नुसता "तोंडाला वास" लिहिलं असेल तर वेगळं, झोक जातोय असं लिहिलं असेल तर वेगळं. तोडीचा गुन्हा आहे की नाही, हे शेवटी तिथला अधिकारी ठरवतो. या एका मुद्द्यावर कॅनडाच्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्यायला पैसे खर्च करा. बाकी फाइल तुम्ही स्वतः लावू शकता.

काकांच्या फाइलीत प्रमाणपत्रावर वासाखेरीज काही नव्हतं. आम्ही "हो" लिहिलं, नक्कल लावली, ५२ आकडा पत्रात पहिल्या परिच्छेदात टाकला.

अमेरिका: इथे डॉक्टर मधे येतो

साध्या, एकाच ड्रंक अँड ड्राइव्हमुळे अमेरिका सहसा कायद्याने बंदी घालत नाही. कुणी जखमी झालं, लायसन्स रद्द असताना चालवली, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. पण डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म "कधी अटक झाली किंवा दोषी ठरलात का" असं विचारतो, माफी मिळाली असली तरी सांगा म्हणतो. मागच्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एक अटक किंवा शिक्षा असेल, किंवा दहा वर्षांत दोन, तर वकिलातीने ठरवलेल्या पॅनेल डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. प्रश्न असा की, माणसाला दारूचं व्यसन आहे का आणि त्यातून दुसऱ्याला धोका आहे का. म्हणजे मुंबईत बीकेसीच्या वकिलातीत मुलाखत झाली की हातात २२१(जी) ची, म्हणजे व्हिसा तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळते, तपासणी होते, अहवाल येईपर्यंत पासपोर्ट अडकतो. पाच वर्षांच्या आतली केस असेल तर तिकीट काढायच्या आधी हे दोन-तीन महिने धरा. डॉक्टरला "साहेब, मी कधी पीतच नाही" हे सांगू नका. त्याच्या समोर तुमच्या केसचे कागद असतात.

"अटक" या शब्दावर लोक अडखळतात. नाकाबंदीत गाडी जमा करून, नोटीस देऊन घरी पाठवलं तर ती अटक नसू शकते. जामीन भरून सुटला असाल तर अटक झाली होती. पण दोषी ठरलात की प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग लागूच होतो, त्यामुळे या शब्दात फार कीस काढून उपयोग नाही.

ज्यांची मुलं तिकडे शिकतात त्यांच्यासाठी एक गोष्ट. अमेरिकेत असताना अशी अटक झाली तर कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच व्हिसा रद्द झाल्याचा ईमेल येऊ शकतो. तेवढ्याने शिक्षण थांबत नाही, पण दिवाळीला नाशिकला आला की परत जायला नवा व्हिसा आणि तोच पॅनेल डॉक्टर. ती माहिती कॅनडालाही दिसते, कारण हे देश आपसांत देवाणघेवाण करतात.

बाकीचे देश, पटकन

ब्रिटनच्या फॉर्ममध्ये वाहतुकीच्या गुन्ह्यांचाही उल्लेख असतो, त्यामुळे "ही काय फौजदारी केस नाही" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. व्हिजिटर व्हिसासाठी नुसता दंड झाला असेल तर निकालाला १२ महिने होऊ द्या. त्याआधी अर्ज म्हणजे फी पाण्यात. खोटं सापडलं तर दहा वर्षांची बंदी.

ऑस्ट्रेलियात १२ महिने किंवा जास्त कैद झाली असेल तर चारित्र्याच्या कसोटीत अडतं. दंडाची केस तिथपर्यंत सहसा पोचत नाही. विमानात भरायच्या कार्डावरही गुन्ह्याचा प्रश्न असतो, तिथे झोपेत "नो" वर टिक करू नका. जपानच्या लँडिंग कार्डावरही असतो, त्यांची अट एक वर्ष किंवा जास्त कैदेची. युरोपातल्या शेंगेन देशांच्या पर्यटक अर्जात हा प्रश्नच नाही. आखातात नोकरीसाठी मालक पीसीसी (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) मागतो, अडचण झाली तर तिथे होते. आणि गाडी घेऊन सुनौलीवरून नेपाळला जाणाऱ्यांनो, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. मतदार कार्ड जवळ ठेवा, गाडीचा भन्सार (नेपाळच्या सीमाशुल्काचा परवाना) काढा नि जा.

बाहेर गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून निघतो, पण मूळ लायसन्स निलंबित असताना तो मिळत नाही.

चौथं काम: पत्र

एक पान, शक्यतो कमी. पहिल्या परिच्छेदात तारीख, कलम, कोर्ट, रीडिंग, शिक्षा, दंड भरल्याची तारीख. दुसऱ्यात कुणी जखमी झालं नाही, अपघात नव्हता, त्याआधी आणि नंतर एकही केस नाही, हे खरं असेल तर. तिसऱ्यात कशासाठी जाताय आणि कधी परत येणार. बस.

लोक काय लिहितात ते सांगतो. "मित्रांनी बळेच पाजली." "पोलिसांनी टार्गेट पूर्ण करायला पकडलं." "मशीन खराब होतं." अहो, कोर्टात गुन्हा कबूल करून आलात आणि आता व्हिसा अधिकाऱ्याला मशीन खराब होतं म्हणून सांगताय? असली वाक्यं मी सरळ खोडतो. चूक होती, शिक्षा भोगली, एवढं पुरे.

मागच्या अर्जात "नो" टाकलेलं असेल तर ते या पत्रातच सांगा, तेव्हा का तसं लिहिलं त्यासकट. कॅनडा चुकीच्या माहितीवर पाच वर्षांची बंदी घालतो. अमेरिकेत महत्त्वाची खोटी माहिती देऊन व्हिसा मागितल्याचं ठरलं तर ती बंदी आयुष्यभराची असू शकते. मूळ केसमुळे होणाऱ्या त्रासापेक्षा हे कितीतरी जड. "नाशिकच्या कोर्टातला दंड ओटावात कुणाला कळणार?" असं सगळेच विचारतात. कदाचित नाही कळणार. पण पुढे कायम राहायचा अर्ज केलात की पीसीसी मागतात, आणि तिथे जुनी "नो" आणि नवा कागद समोरासमोर येतात.

पीसीसी बाहेरदेशासाठी लागते ती पासपोर्ट कार्यालयाची, ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन. पोलिसांच्या पोर्टलवरची चारित्र्य पडताळणी वेगळी, ती नोकरीला चालते. पडताळणीला ठाण्यातून फोन आला की नक्कल आणि दंडाची पावती बरोबर न्या. ठाण्यातल्या हवालदाराला केस निकाली लागल्याचं माहीत असेलच असं नाही, आणि "प्रलंबित" असा शेरा एकदा वर गेला की तो काढायला चार चकरा होतात.

पाचवं काम: विमानतळ

व्हिसा लागला म्हणजे काउंटर सुटला असं नाही. कॅनडात उतरल्यावर सीमा अधिकारी पुन्हा विचारू शकतो, बाजूच्या खोलीत बसवू शकतो. नक्कल, भाषांतर, पावती आणि पत्राची प्रत चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाइलमधले फोटो मोजू नका, बॅटरी नेमकी तिथेच उतरते. उत्तर पत्रात लिहिलं तेच, तेवढंच. काकांना मी ऑफिसात दोनदा बोलायला लावलं. पहिल्यांदा त्यांनी थर्टी फर्स्टच्या पार्टीपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा काकूंनी मधेच थांबवलं, "तारीख सांगा, आकडा सांगा, दंड सांगा." तेवढ्यात झालं.

आणि नक्कल काढतानाच दोन-तीन जास्त प्रती घ्या. पुढच्या वेळी नातवाची पाचवी पुजायला पुन्हा जायचं असेल तेव्हा परत नक्कल विभागाची रांग नको.